गॅरेजमधून आणलेली गाडी पाचव्या दिवशी घाटात बसली, आता खर्च कुणाचा?

तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही गफलत झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर चाललेली. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होत होतं म्हणून धायरीतल्या नेहमीच्या गॅरेजला दिली. त्यांनी वॉटर पंप बदलला, नवं कूलंट भरलं, सोबत ऑइल आणि फिल्टर. बिल ७,४०० रुपये, यूपीआयनं दिलं. चार दिवस वारजे ते हिंजवडी ये-जा व्यवस्थित झाली. पाचव्या दिवशी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा वर गेला, तुम्ही ‘वरच्या टपरीपर्यंत तर जाऊ’ म्हणून गाडी तशीच रेटली, मग बोनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. टो करून त्याच गॅरेजला आणली. मालक म्हणतात, जुना होज (कूलंटचा रबरी पाइप) फुटला, त्यात हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) गेलं, ३८ हजार लागतील आणि आमच्या कामाशी याचा काही संबंध नाही. वर, काय ते लवकर सांगा, नाहीतर दिवसाला २०० रुपये पार्किंग लागेल. मेहुणे म्हणतात पोलिसांत जा. तुम्ही विचारताय की चूक गॅरेजची आहे का, आणि असेल तर पैसे वसूल कसे करायचे.

मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या फ्लोअरवर काढली आणि आता विम्याचा सर्व्हेअर म्हणून गाड्या बघतो. त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी मला पाठ आहेत. गिऱ्हाइकाला वाटतं, गॅरेजवाल्यानं मुद्दाम केलं. गॅरेजवाल्याला वाटतं, दहा वर्षं गाडीकडे बघितलं नाही आणि आता खापर माझ्यावर. बहुतेक वेळा दोघंही थोडे थोडे बरोबर असतात.

मला तुमची खरी अडचण वेगळीच दिसते. चूक कुणाची हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही, मीही नाही. पण ते ज्या वस्तूंवरून सांगता येईल, म्हणजे तो फुटलेला होज, तो आवळून धरणारे क्लॅम्प, काढलेला जुना पंप, हेडचा पृष्ठभाग, त्या सगळ्या आत्ता समोरच्याच ताब्यात आहेत. इंजिन उघडून होज भंगाराच्या डब्यात गेला की नंतर कितीही भांडा, हातात काही उरत नाही. म्हणून वसुलीचा विचार दोन दिवस बाजूला ठेवा. आधी पुरावा जागेवर राहू द्या.

आज रात्रीच मालकांना व्हॉट्सॲपवर एक निरोप टाका. भाषा साधी, आरोप एकही नाही. साधारण असा: ‘आपण अमुक तारखेला माझ्या गाडीचा वॉटर पंप व कूलंट बदललं, बिल ७,४०० रुपये. अमुक तारखेला खंबाटकी घाटात कूलंट जाऊन गाडी गरम झाली. गाडी सध्या आपल्याकडे आहे. माझ्या लेखी होकाराशिवाय इंजिन उघडू नये. फुटलेला होज, क्लॅम्प, जुना पंप आणि काढलेला कुठलाही भाग टाकू नये. मी शनिवारी सकाळी अकरा वाजता एका जाणकाराला घेऊन पाहणीला येतो.’ निळी टिक आली की त्याचा स्क्रीनशॉट. फोनवर बोललात तरी नंतर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ असं म्हणून दोन ओळी लिहून पाठवा. गॅरेजच्या कामात नव्वद टक्के गोष्टी तोंडी ठरतात आणि भांडणं तिथंच अडकतात.

आता चुकीचा मुद्दा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं गाड्यांच्या बाबतीत खरंच घडतं. सर्व्हिसिंगनंतर आठवड्यात अल्टरनेटर गेला, तर त्याचा ऑइल बदलण्याशी काही संबंध नसतो. म्हणून मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो असा, की जो भाग गेला त्याला किंवा त्याच्या शेजाऱ्याला गॅरेजचा हात लागला होता का? तुमच्या बाबतीत लागला होता. पंप बदलायचा म्हणजे सगळं कूलंट काढावं लागतं, होज सैल करावे लागतात, परत लावावे लागतात, नवं कूलंट भरून आतली हवा काढावी लागते. बिघाड नेमका त्याच यंत्रणेत झाला. तेव्हा ‘आमचा काही संबंध नाही’ हे वाक्य मी मान्य करणार नाही. संबंध आहे, तो दोषाचा आहे की योगायोगाचा एवढंच तपासायचं आहे.

ते तपासायला होज हातात घ्या. हा भाग सावकाश वाचा, कारण निम्मा निकाल इथं आहे. होज मधोमध लांबट फाटला असेल, दाबल्यावर मऊ किंवा फुगीर लागत असेल, आतल्या बाजूला बारीक भेगा असतील, तर रबर वयानं गेलं. दहा वर्षांच्या होजला ते शोभतं. होज फुटलेलाच नसेल, ज्या नळीवर तो चढवतात तिच्यावरून नुसता निसटलेला असेल, तर गोष्ट बदलली. वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या क्लॅम्पची होजवर गोल खाच पडते. पंपाच्या कामात होज काढून परत लावताना क्लॅम्प त्या खाचेत न बसता अर्धा बाहेर बसला, किंवा नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या अलीकडेच राहिला, की शहरात तो टिकतो आणि दाब वाढला की सरकतो. ताजी खाच जुन्या खाचेपासून लांब आहे का, हे उजेडात बघितलं तर उघड्या डोळ्यांना दिसतं. तिसरी शक्यता अशी की होज क्लॅम्पच्या कडेलाच कापल्यासारखा गेलेला असतो. कंपनीतून बहुतेक ठिकाणी स्प्रिंगचे क्लॅम्प येतात, त्यांचा दाब ठरलेला असतो. गॅरेजमध्ये त्याऐवजी स्क्रूची जुबली क्लिप लावतात आणि कडक झालेल्या रबरावर ती जास्त आवळली की कडेला चीर पडते. चौथी म्हणजे होज एखाद्या ब्रॅकेटला किंवा पुलीला घासून पडलेलं भोक. तिथं रबर चकचकीत झालेलं असतं.

मग डाग बघा. कूलंट वाळलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. जाड, थरावर थर साचलेला पापुद्रा म्हणजे जुनी, हळूहळू होणारी गळती. सगळीकडे उडालेले ताजे शिंतोडे म्हणजे एकदम सुटलं. नव्या पंपाच्या जोडावर पापुद्रा दिसला तर पंप बसवण्यातच गडबड आहे, होज निर्दोष. रेडिएटरच्या फॅनचा कनेक्टर नीट बसलाय का आणि कॅप धड लागते का, हेही तेव्हाच उरकून घ्या. हे सगळं फोटोत, आणि व्हिडिओत तारीख, नंबर प्लेट, ओडोमीटर बोलून दाखवा.

मालकांचा दुसरा मुद्दा असणार, ‘चार दिवस चालली ना नीट?’ हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो फसवा आहे. कूलंटची यंत्रणा बंद आणि दाबाखाली असते, कॅप साधारण एक बारच्या आसपास दाब धरते. वारज्याहून हिंजवडीला सपाटीवर, थांबत-थांबत जाताना इंजिनावर ताण कमी. खंबाटकीला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चार माणसं आणि एसीसकट चढताना उष्णता भरपूर आणि समोरून येणारा वारा कमी. जे काम अर्धवट झालेलं असतं ते तिथंच उघडं पडतं. शिवाय कूलंट नवीन भरल्यावर आत हवेचे फुगे राहतात. गाडी एक-दोनदा गरम होऊन गार झाली की ते निघतात आणि कूलंटच्या टाकीतली पातळी खाली जाते. म्हणून गाडी देताना ‘दोन दिवसांनी सकाळी गार इंजिनावर पातळी बघा, कमी असेल तर आणा’ एवढं सांगणं गॅरेजचं काम आहे. सांगितलं होतं का? आणि सांगितलं असेल तर तुम्ही बघितलं का?

इथून पुढे तुमच्याकडे वळावं लागेल. ग्राहक आयोगापुढे गेलात तर हे प्रश्न समोरचा वकील विचारणारच, त्यापेक्षा मी आत्ता विचारतो. पंपाच्या वेळी त्यांनी ‘होजपण बदलून टाकू’ म्हटलं होतं आणि तुम्ही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणालात का? जुन्या चॅट उघडून बघा. तसं असेल, आणि होज वयानं फुटलेला निघाला, तर तुमची बाजू फारच लंगडी होते. उलट त्यांनी दहा वर्षांचा कडक होज स्वतःच्या हातानं काढला, परत लावला आणि तुम्हाला अवाक्षर सांगितलं नाही, तर होज वयानं फुटला तरी ते पूर्ण सुटत नाहीत. दिसलेला धोका गिऱ्हाइकाला सांगणं हा कारागिरीचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘वरच्या टपरीपर्यंत’ची. कूलंट गेलं हा एक बिघाड. हेड वाकलं, गॅस्केट गेलं हा दुसरा. काटा लाल पट्ट्यात गेल्या क्षणी गाडी कडेला घेऊन बंद केली असती तर कदाचित होज आणि कूलंटवर भागलं असतं. कदाचितच म्हणतो, कारण होज एकदम सुटला असेल तर इशारा मिळायच्या आधीच नुकसान होतं. आणि एक गंमत लक्षात ठेवा. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सरभोवती पाणीच राहत नाही, आणि काटा खाली येऊ शकतो. लोक मनापासून सांगतात, ‘मध्ये नॉर्मल झाला होता हो!’ ते खोटं बोलत नसतात. तुमचंही तसं झालं असेल तर नक्की लिहून ठेवा, कारण त्यामुळे तुमच्या वाट्याचा दोष कमी होतो.

हेड गॅस्केट गेलंय हे तरी कशावरून? मालकांच्या तोंडावरून नको. रेडिएटरच्या तोंडाशी इंजिन चालू असताना बुडबुडे येणं, ऑइल दुधाळ होणं, कॉम्प्रेशन दोन शेजारच्या सिलेंडरमध्ये पडलेलं असणं, या खुणा. पण इंजिन आत्ता चालवू नका, जाणकार आल्यावर गरज पडली तर कूलंट भरून तो काय ते करेल. ऑइलच्या फिलर कॅपखाली थोडा दुधाळ थर पावसाळ्यात छोट्या फेऱ्या करणाऱ्या धडधाकट गाडीतही दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नका. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं तर मात्र मामला खरा. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेजनं त्याचा वाक मोजतात. छोट्या पेट्रोल इंजिनाला मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. हे माप तुमच्यासमोर घेतलं पाहिजे. ‘फेसिंग मारायला हेड पाठवलंय’ (म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला) असा फोन आला म्हणजे पुरावा लेथवर गेला.

गाडीतले एरर कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांत निदान यंत्रणा असते. एरर कोड पडला असेल तर त्या क्षणीचं तापमान, आरपीएम, वेग अशी नोंद त्यासोबत राहते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. प्रत्येक गरम होण्याला कोड पडतोच असं नाही, पण पडला असेल तर सोनं आहे. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ही वाचता येतं. ते शून्य निघालं, तर टो होऊन आल्यावर कुणीतरी कोड पुसले, एवढं तरी कळतं. लगेच कट म्हणू नका, पुष्कळ मेकॅनिक सवयीनं आधी कोड पुसतात आणि मग गाडी बघतात.

जाणकार कुणाला न्यायचं, याचं उत्तर तुमच्या पैशांवर आणि ओळखीवर आहे. परवानाधारक सर्व्हेअर, वाहनांचं मूल्यांकन करणारा चार्टर्ड इंजिनिअर, किंवा त्याच कंपनीच्या गाड्यांवर आयुष्य काढलेला दुसऱ्या वर्कशॉपचा फोरमन. शेवटच्या माणसाचं निदान अनेकदा सगळ्यांत अचूक असतं, पण तो लिहून द्यायला तयार होत नाही, कारण धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. लिहून देणारा हवा असेल तर पहिल्या दोघांपैकी एक. पुण्यात हमखास कुणीतरी सुचवतं, ‘टेकडीवर एआरएआय आहे ना, तिथून तपासून घ्या.’ ती संस्था वाहन कंपन्यांच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रांची आहे, तुमच्या हेड गॅस्केटसाठी ती दारं नाहीत.

आता पार्किंग आणि गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्यानं तुमच्या वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. तुम्ही आधीचं बिल चुकतं केलंय आणि नवं काम सुरूच झालेलं नाही, तेव्हा अडवायला आधार नाही. २०० रुपये रोजाचं आधी काही ठरलं नव्हतं, तर तेही आपोआप लागू होत नाही. टो त्यांनी स्वतःच्या खिशातून केला असेल तर ते पैसे मात्र देऊन टाका. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, हजार-दोन हजारांवरून गाडी अडकली असेल तर ‘हरकत राखून देत आहे’ असं लिहून भरा आणि गाडी हलवा. त्याच कायद्याचं कलम १५१ तुमच्या बाजूनं आहे. ताब्यात घेतलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घेतलीच पाहिजे, असं ते सांगतं.

पोलिसांचं म्हणाल तर मेहुण्यांना चहा पाजा आणि तो विषय संपवा. हे दिवाणी प्रकरण आहे, चौकीत तेच ऐकायला मिळेल. पार्ट चोरले, गाडी परस्पर कुणी फिरवली, असं काही असतं तर गोष्ट वेगळी होती.

विम्यावरही फार आशा ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड, झीज आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच जोडून घेतलं असेल तर कागद वाचा, पण तेही बहुतांशी पाणी शिरणं किंवा धक्क्यानं ऑइल गळणं यासाठी असतं. गॅरेजच्या माणसानं ट्रायल घेताना गाडी ठोकली असती तर तुमच्या स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम बसला असता, फक्त नो क्लेम बोनस गेला असता. गॅरेजांसाठीही मोटर ट्रेड नावाच्या पॉलिसी असतात. छोट्या गॅरेजकडे त्या क्वचित दिसतात, तरी विचारायला काही जात नाही.

आता पैशांचा हिशेब, कारण ३८ हजारांचा आकडा जसाच्या तसा धरून भांडणं हे दोन्हीकडून चुकीचं आहे. तुम्ही जोडलेलं एस्टिमेट मी ओळ-ओळ बघितलं. त्यात १२ हजार क्लच सेट, इंजिन माउंटिंग आणि बेल्टचे आहेत. ‘इंजिन उघडलंच आहे तर’ या सदरातली ही कामं. कामं चुकीची नाहीत, पण गाडी गरम होण्याशी त्यांचा काही संबंध नाही, ती तुमच्या खर्चानं किंवा अजिबात नाही. उरले २६ हजार. त्यात गॅस्केट सेट, व्हॉल्व्ह सील, होज, कूलंट वगैरे पार्ट १४ हजारांचे, आणि मजुरी-फेसिंग १२ हजार.

विम्यात आम्ही पार्टवर घसारा लावतो. रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के, आणि धातूच्या भागांना वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या वर ५०. मजुरीवर घसारा नसतो. गॅरेजवर हा नियम बंधनकारक नाही, पण जुन्याच्या जागी नवं मिळालं तर किती भाग तुम्ही सोसायचा, याचं हे बरं माप आहे. या मापानं १४ हजारांचे पार्ट ७ हजारांवर येतात, मजुरी १२, एकूण १९ हजार. गाडी रेटल्याबद्दल तुमचा वाटा मी पाव धरला तर उरतात सव्वाचौदा हजार. गॅरेजची चूक पाहणीत दिसली, तर मी या आकड्याच्या आसपास तडजोडीला बसेन. दोष होजच्या वयाचा निघाला आणि त्यांनी तो सांगितला नव्हता, तर निम्मा. तुम्हीच होज बदलायला नाही म्हणाला होतात, तर माझ्या मते दारात भांडण नको, मजुरीत सूट मागा आणि मोकळे व्हा.

म्हणूनच गॅरेजवाले जेव्हा ‘मजुरी आमची, पार्टचे पैसे तुम्ही द्या’ म्हणतात तेव्हा लोक चिडतात ते मला पटत नाही. तुमच्या आकड्यांत १२ हजार मजुरी माफ आणि पार्ट त्यांच्या खरेदीच्या दरानं, मार्जिन न लावता, म्हणजे जवळपास तोच सव्वाचौदाचा हिशेब झाला. छोट्या गॅरेजवाल्याला खिशातून रोख काढणं जड जातं, पण हातचं काम देणं जमतं. फक्त पार्टची बिलं बघा. नाना पेठेत कंपनीचा ओरिजिनल, त्याच दर्जाचा दुसऱ्या छापाचा आणि लोकल, असा सगळा माल मिळतो. हेड गॅस्केटला लोकल नको. डबा, छापील किंमत आणि बिल तिन्ही तुमच्यासमोर.

काम त्याच गॅरेजमध्ये करायचं का, हे मला इथून ठरवता येणार नाही. मालक पाहणीला तयार झाले, होज जपून ठेवला, ‘या, तुमच्यासमोर हेड उतरवतो’ म्हणाले, तर मी त्यांच्याकडेच करेन. हेड उतरवून बसवणं हे काही दुर्मीळ काम नाही, आणि नाव राखायचं असलेला माणूस दुसऱ्यांदा काळजीनं करतो. ‘इंजिन उघडलंय, आता बोला’ असा फोन आला तर गाडी फ्लॅटबेड ट्रकवर घालून दुसरीकडे. इंजिन चालू करून नव्हे.

तडजोड झालीच नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातच. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. आधी लेखी नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, जाणकाराचा अहवाल जोडा. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. तिचा उपयोग मोठ्या कंपन्या आणि डीलरच्या बाबतीत जास्त, धायरीतल्या गॅरेजवर तिचा वचक कितपत याची मला शंका आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली पुण्यातच सुरू झाली, तिचे कार्यकर्ते अर्ज कसा लिहायचा ते समजावून सांगतात, त्यांना जरूर भेटा. आयोगात ‘मला वाटतं’ टिकत नाही. सेवेत त्रुटी होती हे दाखवण्याची जबाबदारी तुमची, आणि तिथं तो क्लॅम्पच्या दोन खाचांचा फोटो तुमच्या चार पानी कैफियतीपेक्षा जास्त काम करेल. मात्र चौदा हजारांसाठी तारखांमागे वर्ष-दीड वर्ष फिरायची तयारी आहे का, ते घरी बसून ठरवा. तत्त्वासाठी लढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण रोज गाडी लागणाऱ्या माणसाला मी आधी तडजोडच सुचवतो.

एक राहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर आणि गूगलवर मालकांचं नाव घेऊन आत्ताच काही लिहू नका. पाहणी व्हायच्या आधी ‘चोर आहेत’ लिहिलंत की त्यांचा हात आखडतो, आणि होज वयानं फुटलेला निघाला तर माफी तुम्हाला मागावी लागेल.

तडजोड ठरली तर कागदावर घ्या: कुठली कामं, कुठले पार्ट, कुणी किती द्यायचे, आणि हेडच्या कामाला सहा महिन्यांची हमी. गाडी ताब्यात घेताना ते ‘तक्रार मिटली’ अशी सही मागतील. ती त्याच दिवशी करू नका. एसी लावून कात्रजचा जुना घाट चढून या, वर पोचल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि फॅन लागतोय का ऐका. मग गाडी रात्रभर गार होऊ द्या, सकाळी स्टार्टर मारायच्या आधी कूलंटच्या टाकीतली पातळी बघा आणि डिपस्टिक पुसून एकदा ऑइलचा रंग. दोन्ही ठीक असतील तर दुपारी जाऊन सही करा.